तीन बोटांची कणीक

बायडाक्का मेली त्यात शालनचा फायदा काय झाला, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतरी कारखान्यातल्या बायकांनी तो शालनच्या आधी मोजून ठेवला आहे. पंख्याखालचं स्टूल मिळालं. कायमची पहिली शिफ्ट मिळाली, म्हणजे दुपारी घरी येऊन पाठ टेकायची सोय झाली. दार नीट लागणारं कपाट मिळालं. त्यात बायडाक्काची मिश्रीची डबी अजून तशीच आहे, पण ती काही शालन जमेत धरत नाही. आणि ‘ए शालन’ची बघता बघता ‘शालनबाई’ झाली. एवढं सगळं पदरात पडलं आणि बदल्यात मागितलं काय, तर एक वाक्य. तेही उद्या, आणि तेही कुणी विचारलंच तर.

झोप मात्र ह्या देण्याघेण्यात कुणी धरली नव्हती.

म्हणून भर दुपारी, शिफ्ट सुटून आलेली, अंग मोडून आलेलं, तरी शालन चटईवर डोळे उघडे ठेवून पडली आहे. डोक्यावर पंखा कुरकुरत फिरतो आहे, कोपऱ्यात रेडिओ बारीक आवाजात खरखरतो आहे. पत्रा तापून मधूनच टक्क करतो. रांगेतल्या बाकीच्या खोल्यांना कुलपं आहेत, माणसं दुसऱ्या शिफ्टला गेली आहेत. सांगलीजवळच्या ह्या औद्योगिक वसाहतीत दुपारी जी सामसूम असते ती मसणवट्यातसुद्धा नसेल; तिथं निदान कावळे तरी असतात.

ओट्यावर परात आहे. परातीत कणकेचा गोळा, त्यावर ओलं फडकं. पडायच्या आधी चपात्या लाटून टाकाव्यात असं तिच्या मनात होतं. मग वाटलं, घाई कुणासाठी? कणीक दोघींची आहे. रोज ठरवते एकटीपुरती मळायची, आणि रोज हात दोघींची मळून मोकळे होतात. पलीकडच्या खोलीत बायडाक्का राहायची. तिचा नवरा कधीच गेलेला, मुलगा पुण्याला. शालनचा नवरा कुठं आहे ते शालनलाही माहीत नाही, आणि लेक जतला दिलेली, तिचा फोन रविवारी येतो, आला तर. तेव्हा दोघी एकाच परातीवर जेवायच्या. भांडण झालं तरी जेवायच्या, फक्त मग मधे बोलायच्या नाहीत.

कारखान्यात चपात्या आणि पुरणपोळ्या करतात, गोठवतात आणि विमानानं परदेशी धाडतात. कणीक मळायच्या खोलीत ह्या दोघीच. खोलीच्या मधोमध मशीन: लहान पोरगं उभं राहील एवढं खोल भांडं, त्यात आकड्यासारखा वळलेला जाड दांडा, वर झाकण. झाकणाच्या बिजागरीशी बोटाएवढा खटका. झाकण उचललं की खटका वर येतो आणि दांडा जागच्या जागी थांबतो. असं मशीन करणाऱ्यानं ठरवलं होतं. पण कडेला चिकटलेलं पीठ खरवडायला झाकण सारखं उचलावं लागतं, सारखं थांबलेलं मशीन सारखं चालू करावं लागतं, आणि परदेशातल्या लोकांना भूक लागलेली असते. सुपरवायझर मगदूम साहेबांनी तो खटका तारेनं दाबून बांधला. बायडाक्कानं पकडीनं तार कापली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी ती खणात टाकली. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, हळदकुंकू झालं, झेंडूची माळ चढली, तेव्हा साहेबांनी आपल्या हातानं पूजेचा लाल दोरा बांधला. खटका दाबून, नेमका तिथंच, वर कुंकवाचं बोट. माळ वाळून गळून पडली. दोरा राहिला. पूजेच्या दोऱ्याला पक्कड लावणारी बाई त्या कारखान्यात नव्हती, बायडाक्कासुद्धा नव्हती. माणसांची पारख साहेबांना मशीनपेक्षा जास्त होती, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

पुढचं थोडक्यात. जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर लाईट गेली. भांड्यात मळलेल्या कणकेचा ढीग तसाच राहिला, गुळगुळीत, गोल. मळलेली कणीक उघडी ठेवून उठायचं असेल तर त्यावर बोटं उमटवायची, नाहीतर तो पिंड दिसतो. हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. घरातला गोळा मुठीएवढा असतो आणि कारखान्यातला पोत्याएवढा, पण बाई तीच असते. बोटं उमटवायचं काम कायम बायडाक्काचं. तिच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. आधीच्या कारखान्यात पुरण वाटायच्या मशीननं नेली होती. म्हणून तिचा ठसा तीन बोटांचा, आणि बायका चेष्टेनं म्हणायच्या, बायडाक्काचा शिक्का बसला, आता माल पास. त्या दिवशी तिनं झाकण उचललं, वाकली, हात खाली नेला. शालन हातभर लांब पिठाचं पोतं धरून उभी होती. लाईट आली.

बटण कुणी दाबलं नाही. ते आधीचंच चालू राहिलेलं होतं. ज्यानं थांबवायचं तो खटका दोऱ्याखाली होता.

उद्या सरकारी साहेब यायचा आहे, कारखान्यांची तपासणी करणारा. आज शिफ्ट सुटताना मगदूम साहेबांनी शालनला चहा पाजला. म्हणाले, ‘‘शालनबाई, विचारलं तर एवढंच सांगायचं. झाकण उचललं की मशीन थांबतं. खोटं तर न्हाई न्हवं? आता थांबतंयच की.’’ खरं होतं. दोरा त्याच दिवशी कुणीतरी काढला आणि आता मशीन शहाण्यासारखं थांबतं. ‘‘बायडाबाईनं अंधश्रद्धेपायी हात घातला,’’ साहेब चहा ढवळत म्हणाले, ‘‘वाईट झालं. पण त्यात मशीनचा काय दोष? उद्याचा दिवस जाऊ दे, मग कामाचा वेग बघू.’’ वेग बघू म्हणजे काय, ते शालनला कळलं. दुसरा दोरा. आता त्या भांड्यावर वाकायचं ते तिनंच.

पंखा कुरकुरतो. पत्रा टक्क करतो. शालन डोळे मिटते, उघडते, परत मिटते. पंख्याची कुरकुर कुठंतरी लांब जाते आणि थांबते. घामानं मान भिजते. तिला उठायचं आहे, पण उठायचं कसं ते आठवत नाही.

मोरीत कुणीतरी पाय धूत आहे.

‘‘कडी लावून झोपावं बाईमाणसानं,’’ मोरीतून आवाज येतो.

‘‘लावलीया की,’’ शालन म्हणते.

‘‘मग मी कशी आले?’’

बायडाक्का पदरानं पाय पुसत बाहेर येते. अंगावर कारखान्याचा निळा एप्रन, डोक्यावर केस झाकायची पांढरी टोपी. उजवा हात एप्रनच्या खिशात आहे. शालनला त्या हाताकडे बघायचं नाही, म्हणून ती टोपीकडे बघते.

‘‘टोपी काढ की आक्का. घरात हायस.’’

‘‘न्हाई बाई. केस सापडला कणकेत तर साहेब ओरडतोय.’’ बायडाक्का खाली बसते, भिंतीला टेकते. ‘‘माणूस सापडलं तर काय बोलत न्हाई. केस नको.’’

आणि हसते. दात मिश्रीनं काळे, तसेच. शालनलाही हसू येतं; किती दिवसांनी येतं ते तिच्या गालांना कळतं, ते दुखतात.

‘‘स्टूल मिळालं म्हणं तुला,’’ बायडाक्का म्हणते.

‘‘मी मागितलं न्हवतं.’’

‘‘मी कुठं म्हणते मागितलंस? चांगलं हाय स्टूल. एक पाय डुगडुगतोय, त्याखाली पुठ्ठा घाल. मी घालीन घालीन म्हणत राहिलं.’’ ती इकडंतिकडं बघते. ‘‘आणि कपाट?’’

‘‘तुझी डबी हाय त्यात. आणू का उद्या?’’

‘‘मला काय करायची? तू लाव. दातदुखी थांबंल तुझी.’’

शालन उठून बसते, पण चटई नाही. ती स्टूलावर बसली आहे. डोक्यावर कारखान्याचा पंखा आहे आणि तो फिरत नाही. कणकेची खोली आहे, नेहमीची. फक्त फरशी पायाखाली मऊ लागते आणि पाय उचलला की मागं खळगा राहतो, मग हळूहळू भरून येतो. मशीन मधोमध उभं आहे. झाकण मिटलेलं. खटक्यावर लाल दोरा, कुंकू ओलं.

‘‘काढला होता ना ह्यो?’’ शालन म्हणते.

‘‘काढला की.’’ बायडाक्का भांड्याच्या कडेला कोपर टेकून उभी आहे, शेजारणीच्या कट्ट्याला टेकावं तशी. ‘‘तुझ्या डोक्यातला कोण काढणार?’’

‘‘आक्का, एक विचारू?’’

‘‘विचार की. आता मला कुठं शिफ्टला जायचंय!’’

‘‘हात का घातलास? लाईट कवाबी येती, तुला ठावं न्हवतं? मला म्हणायचीस सारखं, शाले सांभाळ, शाले सांभाळ. आणि तूच.’’ तिचा आवाज चढतो. रडू येईल असं वाटतं, येत नाही. नुसता रागच येतो. ‘‘एक दिवस न्हाई उमटवली बोटं तर कोण मरणार होतं?’’

बायडाक्का टोपी सारखी करते. मग म्हणते, ‘‘उघडा गोळा टाकून जेवायला कशी बसू गं? जेवण गेलं असतं का घशाखाली?’’

‘‘साहेब म्हणत्यात, अंधश्रद्धा.’’

‘‘व्हय?’’ बायडाक्का खरंच विचारात पडल्यासारखी भुवया वर करते. ‘‘माझी बोटं अंधश्रद्धा. आणि त्याचा दोरा?’’

शालन दोऱ्याकडं बघते. गाठ नीट बांधलेली आहे. माणूस घाईत अशी गाठ मारत नाही.

‘‘दोऱ्याचं काय सांगणार हाय साहेब उद्या?’’ बायडाक्का विचारते.

‘‘दोऱ्याचं कोण काय बोलणारच न्हाई.’’

‘‘आसं आसं,’’ बायडाक्का म्हणते, जणू गुळाचा भाव ऐकला.

खाली पाणी वाहतं. शालन स्टूलावरच आहे, पण स्टूल घाटाच्या पायरीवर आहे. कृष्णेचं पाणी गढूळ, कणकेचे हात धुतल्यासारखं पांढुरकं. बायडाक्का तिच्या शेजारी पायरीवर बसली आहे, टोपी घालून, आणि दोघी खाली बघतात. खाली वाळूत बायडाक्काचा दहावा चालला आहे.

‘‘गर्दी बरी हाय की,’’ बायडाक्का म्हणते. ‘‘ही कोण गं, जांभळ्या लुगड्याची?’’

‘‘पॅकिंगमधली.’’

‘‘ती का रडतीया? उसनी साखर न्यायची तेवढीच वळख.’’ ती पुढं वाकून बघते. ‘‘पोरगा वाळलाय माझा.’’

केळीच्या पानावर पिंड ठेवला आहे. सगळे मागं सरून उभे आहेत. कावळा झाडावर आहे. खाली बघतो, मान तिरकी करतो, येत नाही. तिचा मुलगा हात जोडून म्हणतो, आई, घर बांधतो. कावळा येत नाही. आई, व्यसन सोडतो. कावळा पंखात चोच घालतो. खऱ्या दहाव्यालाही असंच झालं होतं, शालनला आठवतं. ऊन वर आलं, माणसं घड्याळं बघायला लागली, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे मोकळे झाले. पण इथं दर्भ कुणाकडंच नाही. इथं मगदूम साहेब पुढं येतात. पायात रबरी बूट. हात जोडून झाडाकडं बघत म्हणतात, ‘‘बायडाबाई, काय राहिलं असंल तर सांगा. व्यवस्था करू.’’

‘‘काय राहिलंय गं तुझं?’’ शालन कुजबुजते.

‘‘माझं?’’ बायडाक्का डावा हात हनुवटीला लावते. ‘‘करंगळी ऱ्हायलीया. ती शोधत होते. पुरणात गेली ती गेली. कुणाच्या ताटात गेली असंल गं? मी मिरजेच्या पुढं कधी गेले न्हाई, आणि माझं बोट विमानात बसून फिरून आलं.’’

‘‘गप बस. हसवू नको. लोक बघत्यात.’’

‘‘मला कोण बघणार? तुलाच बघत्यात.’’

खरंच बघत आहेत. सगळी माणसं वळून पायरीवरच्या शालनकडं बघत आहेत, बायका, भटजी, मुलगा. कावळासुद्धा. कावळा झाडावरून उतरून वाळूवर येतो, दोन उड्या मारतो आणि थांबतो. त्याच्या चोचीत लाल दोरा लोंबतो आहे. मगदूम साहेब हळू आवाजात, चहाच्या वेळच्या आवाजात म्हणतात, ‘‘सांगा शालनबाई. विचारतोय तो. झाकण उचललं की मशीन थांबतं न्हवं?’’

शालन तोंड उघडते. तोंडात कणीक आहे. ती गिळते, आणखी कणीक येते. तिला ‘व्हय’ म्हणायचं आहे का ‘न्हाई’ ते कणकेतून कुणालाच कळणार नाही, आणि क्षणभर तिला हे बरं वाटतं. मग बाजूला बघते तर पायरी रिकामी आहे. नुसता खळगा आहे, माणूस बसून उठल्यासारखा, आणि तो हळूहळू भरून येतो आहे.

‘‘आक्का?’’

घाटावर आता कुणीच नाही. माणसं नाहीत, साहेब नाहीत, कावळा नाही. पाणी आहे आणि पिंड आहे. एवढ्या मोठ्या घाटावर एकटी शालन स्टूलावर बसलेली, आणि स्टूलाचा एक पाय डुगडुगतो. तिला वाटतं, असंच राहणार आता. रविवारी फोन येईल, आला तर. दोघींची कणीक मळायची आणि अर्धी सकाळी गायीला घालायची.

‘‘आक्का गं!’’

‘‘वरडू नको. हितंच हाय.’’

ओट्याजवळून आवाज येतो. शालनची स्वतःची खोली आहे, चटई आहे, पंखा बंद आहे. बायडाक्का ओट्याशी पाठमोरी उभी राहून परातीवरच्या फडक्याचं टोक उचलून बघते आहे.

‘‘कणीक सैल झालीया,’’ ती म्हणते.

‘‘कारखान्याच्या मापाची सवय झालीया.’’

‘‘आणि ही एवढी कुणाची मळलीस?’’

‘‘आपली दोघींची.’’

बायडाक्का फडकं परत नीट घालते. मग वळून म्हणते, ‘‘बघू हात तुझा.’’

शालन हात पुढं करते. बायडाक्का डाव्या हातानं तिचा पंजा धरते आणि बांगडीवाल्याकडं बांगड्या मोजून घ्याव्या तसं एकेक बोट दाबून बघते. तिचा हात गार आहे, मळलेल्या कणकेइतका गार.

‘‘चार आणि अंगठा,’’ ती म्हणते. ‘‘हायत सगळी. मग बोलायला काय झालंय?’’

‘‘बोलले तर स्टूल जाईल. कदाचित कामच जाईल.’’

‘‘जाईल,’’ बायडाक्का मान हलवते. ती खोटं कधीच बोलायची नाही, मेल्यावर तरी कशाला बोलेल? ‘‘आणि न्हाई बोललीस तर ऱ्हाईल. स्टूल ऱ्हाईल, पंखा ऱ्हाईल. दोरा येईल. तू वाकशील. एवढंच हाय. ह्यात माझं काय न्हाई, माझं द्यायचं ते देऊन झालं.’’

‘‘मग आलीस कशाला?’’

‘‘जेवायला,’’ बायडाक्का म्हणते. ‘‘वास आला कणकेचा. एकटी जेवतीस न्हवं आता?’’

आणि परत ओट्याकडं वळते. ‘‘बघा, तशीच ठेवलीया. बोटं उमटवली न्हाईस?’’

‘‘लगेच लाटणार होते.’’

‘‘लगेच म्हणूनच तर झोपलीस!’’ बायडाक्का फडकं बाजूला करते. उजवा हात एप्रनच्या खिशातून बाहेर काढते. तो हात आहे, आख्खा, खांद्यापासून, फक्त करंगळी नाही. परात खोल आहे. परात फार खोल आहे. ती वाकते, हात खाली जातो, कोपरापर्यंत जातो, दंडापर्यंत जातो, आणि शालनला डोक्यावर कुठंतरी कुरकुर ऐकू येते, हळू, मग जोरात, काहीतरी फिरायला लागतं आहे.

‘‘आक्का, लाईट आली! हात काढ! हात काढ आक्का!’’

तिच्या स्वतःच्याच ओरडण्यानं ती जागी होते.

पंखा फिरतो आहे. लाईट गेली असणार आणि आत्ता आली असणार. मान घामानं चिंब आहे, आणि कोपऱ्यात लाईटीबरोबर बंद पडलेला रेडिओ आपोआप परत खरखरायला लागला आहे. दाराची कडी आतून लागलेली आहे. मोरी कोरडी आहे. शालन तिथंही बघते, बघून मग स्वतःवरच चिडते. बाहेर ऊन उतरलं आहे, पत्र्याच्या फटीतून एक पिवळी रेघ भिंतीवर तिरकी पडली आहे.

ती उठते, रेडिओ बंद करते. ओट्याकडे जाते. फडकं जसं घातलं होतं तसं आहे, वाळत आलेलं. ती एका टोकाला धरून उचलते.

कणकेच्या गोळ्यावर तीन बोटं उमटलेली आहेत.

खोल, एकाला एक लागून, उजव्या हाताची. चौथ्याच्या जागी गोळा गुळगुळीत आहे.

शालन फडकं खाली ठेवते. मग आपला हात उलटासुलटा करून बघते. नखांत पीठ आहे, पण ते मळतानाचंच असणार. मळणाऱ्या बाईच्या नखांत पीठ नसेल तर काय असेल? झोपेत उठून आपणच केलं असेल, असंही ती स्वतःला सांगून बघते. मग तीन खळग्यांत आपली तीन बोटं ठेवते. खळगे मोठे आहेत. बायडाक्काची बोटं जाड होती. करंगळी बाहेर राहते, कणकेवर नुसती टेकते. ती दाबत नाही.

बोटं उमटलेली कणीक ही जिवंत माणसाची असते, त्यासाठीच उमटवायची. म्हणजे ही खायची आहे. शालन स्टोव्ह पेटवते, पोळपाट घेते. गोळा मोडायच्या आधी जरा थांबते, आणि रिकाम्या खोलीत, तव्याकडं बघत, मोठ्यानं म्हणून बघते, ‘‘आज थांबतंय साहेब. त्या दिवशी थांबलं न्हाई. खटका दोऱ्यानं बांधला होता. कुणी बांधला, ते मी बघितलंय.’’ तोंडात कणीक नाही. शब्द नीट येतात. एकदा आणखी म्हणते, ‘साहेब’ गाळून. तसं जास्त बरं वाटतं.

सगळ्या कणकेच्या चपात्या होतात. चटणीबरोबर ती जेवायला बसते. आपल्या वाटणीच्या खाते, आणि मग दुसऱ्या वाटणीच्याही खाते, सावकाश, भिंतीकडं बघत. आज गायीला काही राहत नाही.

परात घासताना हिशोब पुरा होतो. तो तिच्या मनात आपोआप होतो, सवय आहे. कारखानदार शेठची एका घाण्याची कणीक गेली. ती कारखान्याच्या मागं खड्डा काढून पुरली, म्हणजे बायडाक्काला अग्नी मिळायच्या आधी कणकेला माती मिळाली. मगदूम साहेबांचा हातभर लाल दोरा गेला. शालनचं उद्या स्टूल जाईल, पंखा जाईल, कपाट जाईल, ‘शालनबाई’ची परत ‘ए शालन’ होईल. पण ते मुळात तिचं नव्हतंच, तेव्हा ते तिनं भरलं असं म्हणता यायचं नाही. भरलं ते सगळं बायडाक्कानं. आधी एक बोट, मग हात, मग आख्खी बाई. आणि आज, कुणी मागितलेली नसताना, वर आणखी तीन बोटं.